विळ्यावर केस करा

ती घटना आजही आठवते, कारण त्या प्रकरणातला खरा आरोपी सापडला तेव्हा अख्खं गाव हसलं होतं. सुरुवात मात्र हसण्यासारखी मुळीच नव्हती.

मी तेव्हा भंडारा जिल्ह्यातल्या एका ग्रामीण ठाण्याचा ठाणेदार होतो. गावाचं आणि माणसांचं नाव सांगणार नाही; ती माणसं आजही मला रस्त्यात रामराम करतात. नुकताच पोळा उरकला होता. सकाळची हजेरी आटोपून चहाचा कप तोंडाला लावतो, तोच एका गावच्या पोलीस पाटलाचा फोन आला.

"साहेब, लवकर या जी. वावरात काठ्या निघाल्या. पुतणीनं मोठ्या बापाच्या धानात जहर टाकलं म्हणून राहिले."

दोन हवालदार घेऊन निघालो. गावाबाहेर धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, जत्रा जमली होती. फिर्यादी साठीचा शेतकरी, आवाज असा की नाल्यापलीकडे ऐकू जावा. समोर त्याच्या मयत धाकट्या भावाची मुलगी ओठ घट्ट मिटून उभी. दोघांची भातखाचरं, म्हणजे धानाच्या बांध्या, एकाच धुऱ्याला लागून. वरची मोठ्या बापाची, खालची हिची. त्या धुऱ्यावरून दोन घरांत बोलणंही बंद होतं. त्याच्या धानाची पानं शेंड्यांकडून वाळून पांढरी पडत चाललेली आणि तिचा धान हिरवागार. धुऱ्यावर तणनाशकाची रिकामी बाटली सापडली होती. पाठीवर पंप घेऊन फवारताना तिला चार जणांनी पाहिलंही होतं.

साक्षीदार, मुद्देमाल, हेतू, सगळं ताटात वाढून ठेवलेलं. इतक्या वर्षांच्या नोकरीत मी एक शिकलो होतो, असं आयतं ताट समोर आलं की आधी हात आखडावा.

दोघांना ठाण्यात आणलं. मुलीची विचारपूस महिला शिपायासमोर सुरू केली.

"फवारलं का?"

"हो जी. धुऱ्यावरचं गवत मारलं. सापं निघतात ना."

"आणि मोठ्या बाबांच्या धानावर?"

"कायले मारू साहेब? त्यायच्या बांधीतलं पानी माह्याच बांधीत उतरते. वर जहर टाकीन तं खाली मीच मरीन."

एवढं बोलेपर्यंत ती ताठ होती. मग एकदम रडायला लागली. "साहेब, पोलीस भरतीत निवड झाली माही. पडताळणी व्हाची हाये. केस लागली तं गेलंच सारं. मायनं लोकायच्या वावरात धानाच्या रोवण्या करून शिकवलं मले."

नवीन उमेदवाराची चारित्र्य पडताळणी आमच्याच ठाण्यात यायची. मी गुन्हा दाखल केला असता तर माझ्याच हातानं तिची वाट बंद झाली असती, पुढे ती निर्दोष सुटली असती तरीही. दाखल केला नाही तर फिर्यादीवर अन्याय. शेवटी स्टेशन डायरीला नोंद घेतली आणि अर्ज चौकशीवर ठेवला.

मोठा बाप उसळला. "तुमच्याच खात्यात येनार हाये म्हणून वाचवून राहिले का तिले?"

राग आला मला. चांगलाच आला. पण गणवेशात गिळावं लागतं. म्हटलं, "काका, उद्या घटनास्थळाचा पंचनामा. पंच तुम्हीच निवडा."

दुसऱ्या दिवशी पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडून मी चिखलात उतरलो. मीही शेतकऱ्याचाच पोरगा. पाहतो तर काय, धुऱ्यालगत नुकसान कमी, बांधीच्या मधोमध जास्त. आणि वाळलेल्या धानात उभं असलेलं गवत मात्र मजेत डोलतंय! मी एक मूठ उपटली आणि काकांसमोर धरली.

"काका, धानाले मारते अन् गवताले सोडते, असं कोनतं तणनाशक हाये? मलेबी नाव सांगा."

पंचांपैकी एक जण खुसकन हसला. काका क्षणभर गोंधळले, पण हट्टी माणूस. "मंग दुसरं काही टाकलं असन!"

आता हे माझ्या आवाक्याबाहेरचं होतं. कृषी कार्यालयाला फोन केला. त्यांनी भंडाऱ्याहून पिकांच्या रोगांच्या एक शास्त्रज्ञ बाई पाठवल्या. बाई एसटीनं आल्या, कुणाशी फारसं न बोलता थेट बांधीत शिरल्या आणि वर येऊन म्हणाल्या, "मला काचेचे दोन ग्लास आणि स्वच्छ पाणी द्या."

टपरीवरून चहाचे ग्लास आले. सगळ्यांदेखत बाईंनी काकांच्या बांधीतलं एक अर्धवट वाळलेलं पान कापलं आणि त्याचं कापलेलं टोक एका ग्लासात बुडवलं. दुसऱ्यात पुतणीच्या बांधीतलं हिरवं पान. आमच्याकडे ओळख परेड माणसांची होते. पानांची मी पहिल्यांदाच पाहत होतो. थोड्या वेळानं काकांच्या पानाच्या टोकातून दुधासारखी बारीक धार पाण्यात उतरू लागली. दुसरा ग्लास निवळशंख.

"विष नाही हे," बाई म्हणाल्या. "कडाकरपा आहे. पानात जिवाणू शिरलेत, तेच बाहेर येताहेत." मग त्या काकांकडे वळल्या. खरी उलटतपासणी तिथून सुरू झाली.

"रोवणी उशिरा झाली का?"

"हो बाई. पाऊस लांबला."

"मग रोपवाटिकेतले पऱ्हे उंच वाढले असतील. शेंडे छाटले?"

"छाटलेच ना! आमच्या बापजाद्यायपासून छाटतात. उंच रोप वाऱ्यानं लोळते. पेंडीच्या पेंडी धरल्या अन् विळ्यानं सपासप..."

"सगळ्या पेंड्या एकाच विळ्यानं?"

काकांचा चालता हात हवेतच थांबला. बाईंनी शांतपणे समजावलं. एखाद्या रोपात रोग असला की विळा तो पुढच्या हजार रोपांना देतो. कापलेला शेंडा म्हणजे उघडी जखम. वरून युरिया जास्त पडला की रोग आणखी फोफावतो.

"अन् हिच्या बांधीत काहून नाही?" काकांचा आवाज आता खाली आला होता.

"आमी मायलेकींनी वेळेवर रोवलं," पुतणी म्हणाली. "छाटाची पाळीच नाही आली."

बाईंनी उपाय सांगितला. युरिया बंद, सांगितलेलीच फवारणी, आणि सगळ्यात आधी बांधीतलं पाणी काढून टाकायचं. लोंब्या अजून यायच्या आहेत, बरंच पीक हाती लागेल. पण हे रोगाचं पाणी दुसऱ्याच्या धानात जाता कामा नये.

काका खाली बसले. "कुठं काढू पानी? खाली हिचीच बांधी हाये."

काल जिला जेलमध्ये घालायला निघाले होते, तिच्याकडे मागणार तरी कोणत्या तोंडानं? पोरीनं साडीचा पदर खोचून धुऱ्यावर उभ्या असलेल्या आपल्या आईकडे एकदा पाहिलं. मग फावडं उचलून ती आपल्या बांधीत उतरली.

"धुऱ्यालगतचा माहा पट्टा उपटते मोठे बाबा. तेथून नाली काढू. पानी सरळ नाल्यात जाईन."

लोंब्या धरायला आलेला स्वतःचा धान ती मुठीमुठीनं उपटू लागली. काका पाहतच राहिले. मग चपला तिथेच टाकून तेही चिखलात उतरले. दोघं मिळून नाली खोदत होते, आणि म्हातारा रडत होता.

वर आल्यावर त्यांनी कमरेचा विळा काढून माझ्यापुढे धरला. "साहेब, घ्या. ह्याच्यावर केस करा. जप्त करा ह्याले." तेव्हा गाव हसलं. त्याच संध्याकाळी माझ्यासमोर बसून त्यांनी जबाब दिला, तक्रार गैरसमजातून झाली. पडताळणी आली तेव्हा मी निर्धास्त सही केली.

या प्रकरणानं मला एक शिकवलं. नुकसान झालं की माणूस आधी दुश्मन शोधतो, कारण दुश्मन ओळखीचा असतो. रोग ओळखीचा नसतो. तपास म्हणजे त्या दोघांतला फरक करणं, आणि तो करायला वेळ द्यावा लागतो.

पुढच्या रोवणीला त्याच रस्त्यानं जात होतो. पोरगी प्रशिक्षणाला गेलेली. तिच्या बांधीत तिच्या आईबरोबर बायका रोवत होत्या आणि धुऱ्यावरून मोठा बाप त्याच जुन्या आवाजात ओरडत होता:

"शेंडा छाटू नका वं! माही पुतणी पोलीस हाये, पकडून नेईन!"