अकराव्या भागातली बायको

सोमवारी पडद्यांच्या कारखान्यात कामाला हात लागायच्या आधी तोंडं सुटायची. रविवारी संध्याकाळी टीव्हीवर ती रहस्यमालिका लागायची आणि सोमवारी सकाळी कापणीच्या लांब टेबलाभोवती तिची चिरफाड व्हायची. हातात कात्री घेऊन कटरबाई मधोमध उभी, कडा बांधायच्या ओव्हरलॉक मशीनवरच्या दोघी जावा तिच्या डाव्या हाताला, आणि खिडकीपाशी आपल्या स्टुलावर चुणीताई.

चुणीताई हे काही तिचं नाव नव्हे. पडद्याच्या वरच्या पट्टीला चुण्या घालायचं काम तिचं, म्हणून पडलेलं. पन्नाशी ओलांडलेली, अंगाने काटकुळी, बोलायला बेताची. कारखान्यात येऊन तिला सहा वर्षं झाली होती. विधवा आहे एवढंच सगळ्यांना ठाऊक होतं, आणि त्यापुढचं कुणी विचारू नये अशा बेताने ती वागत आली होती.

त्या सोमवारी विषय होता अकरावा भाग. मालिका एकूण बारा भागांची, म्हणजे शेवट तोंडावर आलेला. गोष्ट अशी : तिजोऱ्या बसवणारा एक माणूस दोन गावांत दोन संसार करतो, आणि एक दिवस कुणीतरी त्याच्या डोक्यात काहीतरी जड घालतं. दहाव्या भागाच्या शेवटी दवाखान्यातली नर्स बाहेर येऊन विचारते, "पेशंटची बायको कोण?" आणि एकाच बाकावर बसलेल्या दोन बायका एकदमच उठून उभ्या राहतात. त्या प्रसंगावर सगळ्या फिदा होत्या. पण अकराव्या भागात नवरा दगावतो, पहिली बायको पोलिसांसमोर बसते आणि शेवटपर्यंत एकच पालुपद लावते, "मला माहीत नव्हतं." तिथे गाडी घसरली.

"आठ वर्षं!" कटरबाई म्हणाली. "आठ वर्षं नवरा दर आठवड्याला तीन दिवस गायब, आणि हिला म्हणे माहीत नव्हतं. माझा नवरा कोपऱ्यावर सिगारेट ओढून आला तरी मला जिन्यावरच्या पावलांवरून कळतं."

"माहीत असतंच हो," थोरली जाऊ म्हणाली. "सोंग घेतलंय तिने."

"मी एकटी म्हणत नाही. हे ऐका." कटरबाईने मोबाइल काढला. चॅनेलच्या पानावर प्रेक्षकांनी मतं टाकली होती, ती ती चवीचवीने वाचू लागली. "'लेखकाने आम्हाला मूर्ख समजू नये. अशी बायको जगात नसते.' हे बघा दुसरं. 'शर्ट हीच धुते, बॅग हीच भरते, आणि वास नाही आला? नाक गहाण टाकलं होतं का?' आणि हे तर झकासच आहे. 'ही बाई एक तर मठ्ठ आहे, नाही तर खुनी आहे. चेहऱ्यावरून मठ्ठ वाटत नाही.'"

सगळ्या खो खो हसल्या. थोरल्या जावेच्या डोळ्यांत पाणी आलं हसून हसून.

"चुणीताई, तुम्हाला काय वाटतं?"

"मी बघत नाही," चुणीताई म्हणाली आणि पट्टीला टाचण्या लावत राहिली.

बघत होती. पहिल्या भागापासून, दिवाणखान्याचा दिवा मालवून, एकटीच. कारण मालिका लिहिली होती तिच्या धाकट्या भावाने, आणि ती बायको म्हणजे तीच होती.

तिचा नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. दुसऱ्या गावातल्या काही इमारतींचं काम कंपनीकडे होतं, त्यामुळे गुरुवारी सकाळी बॅग घेऊन निघायचा आणि शनिवारी परतायचा. त्याचे बूट बॅगेत चेपू नयेत म्हणून मोज्यांच्या जोड्या ती बुटांतच कोंबून द्यायची. माणूस शांत. हात उगारला नाही, आवाज चढवला नाही. परतला की तिच्या हातचं जेवून लवकर झोपायचा. मूलबाळ नव्हतं, पण त्यावरून तो कधी टोचून बोलला नाही. आपलं बरं चाललंय असं तिला वाटायचं, आणि ज्यांचं बरं चाललेलं असतं ते कशाला खिसे तपासतील?

मग एका शुक्रवारी दवाखान्यातून फोन आला. ट्रकने उडवलं होतं. ती धावतपळत त्या गावी पोचली, बाकावर बसली. शेजारी एक बाई शाळकरी मुलीला पोटाशी धरून रडत होती. कुणाचं तरी कुणीतरी असेल, असं तिला वाटलं. नर्सने विचारलं, आणि दोघी उठल्या.

खून वगैरे काही नव्हतं. खून भावाने घातला होता, आणि लिफ्टच्या जागी तिजोऱ्या. बाकी सगळं जसंच्या तसं, बुटांतल्या मोज्यांसकट.

नवरा गेला त्याचं दुःख तिला धड करताच आलं नाही. सासू आली, तिने विचारलं, "खरंच माहीत नव्हतं?" दिराने विचारलं. सख्ख्या आईनेसुद्धा, अंगावरून हात फिरवता फिरवता, खालच्या आवाजात तेच विचारलं. त्या 'खरंच'ला उत्तर देता देता तिच्या तोंडाला कोरड पडली. अख्ख्या गोतावळ्यात एकच माणूस असा निघाला ज्याने विचारलं नाही. तो भाऊ. तो गप्प बसायचा, चहा करून द्यायचा, आणि आणखी कुणी विषय काढला की झापायचा. एवढ्या एका गोष्टीवर ती तगली होती. म्हणूनच, "ताई, गोष्ट थोडी तुझ्यासारखी आहे, राग मानू नकोस," असं त्याने आधी सांगितलं तेव्हा ती रागावली नाही. उलट मनातून सुखावली. तो लिहितोय म्हणजे खरं काय ते एकदा लोकांना कळेल.

त्या सोमवारी कामावरून ती थेट भावाकडे गेली. तो फोनवर होता. "हो सर, वाचली सगळी मतं. हो, दोन दिवसांत देतो," असं म्हणत त्याने तिला हाताने बसायची खूण केली. फोन ठेवला आणि डोळे चोळले.

"शेवट बदलायचाय," तो म्हणाला. "चॅनेलवाले हटून बसलेत. लोकांना बायको पटत नाहीये."

"मग?"

"मग काय. तिला माहीत होतं असं करायचं. पहिल्यापासून. आणि तिनेच मारलं."

ती त्याच्याकडे बघत राहिली. "बाळ्या, तुला माहीत आहे ना कसं झालं होतं ते?"

"ताई, ही मालिका आहे. तुझा काय संबंध? तिथे तुझं नाव आहे का कुठे?"

"मोजे आहेत."

तो ओशाळला. उठून खिडकीशी गेला, परत आला. "लोकांना पटत नाही त्याला मी काय करू?"

"लोकांचं राहू दे. तुला पटतं का?"

त्याने टेबलावरचे कागद एकावर एक रचले.

"ताई, हे बघ," तो फार प्रेमाने म्हणाला, "मी तुला कधी दोष दिला नाही. तू डोळेझाक केलीस. तुझ्या जागी कुणीही केली असती. घर चालत होतं, माणूस वाईट नव्हता..."

"तू मला कधीच विचारलं नाहीस."

"विचारायचं काय होतं त्यात?"

म्हणजे इतकी वर्षं तो गप्प बसला होता तो विश्वासापोटी नाही. दयेपोटी. तिने पर्स उचलली. "चहा तरी घे," तो मागून म्हणत राहिला, पण ती जिना उतरून गेली होती.

बारावा भाग लागला. बायकोने जिन्याच्या आडून नवऱ्याच्या डोक्यात इस्त्री घातली, आणि शेवटी कॅमेऱ्याकडे बघून हलकीशी हसली. सोमवारी कारखान्यात नुसता जल्लोष. "मी म्हणत नव्हते?" कटरबाईने टेबलावर थाप मारली. "आता कसं, पटतंय!" पानावर लोकांनी लेखकाची तोंड भरून स्तुती केली होती. कुणी लिहिलं होतं, 'अखेर खरी बायको दाखवलीत.'

त्या आठवड्यात चुणीताईने एक दिवस सुट्टी घेतली आणि बस पकडून त्या दुसऱ्या गावी गेली. अपघाताच्या कागदांवर दोघींचे पत्ते एकाखाली एक छापलेले होते, तेव्हा शोधायला कष्ट पडले नाहीत. का गेली, हे तिला कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. एवढंच वाटत होतं की आपण फसलो हे जगात कुणाला नक्की ठाऊक असेल, तर ते आपल्याबरोबर फसलेल्या त्या बाईला.

ती बाई चपलांच्या दुकानात काउंटरवर होती. केस पांढरे झालेले, चष्मा लागलेला. तिने लगेच ओळखलं. मालकाला सांगून ती बाहेर आली, आणि दोघी दुकानामागे रिकाम्या खोक्यांच्या ढिगाऱ्याशी उभ्या राहिल्या.

"मालिका बघितली," तीच आधी म्हणाली. "नर्सचा प्रसंग आला तेव्हा मी घरातही उठून उभी राहिले. मुलीने टीव्ही बंद केला."

"मला एकच सांगायचं होतं," चुणीताई म्हणाली. "मला तुमच्याबद्दल काहीही माहीत नव्हतं. दवाखान्यात बसले होते तोवर नाही."

ती बाई गोंधळली. चष्मा काढून पदराने पुसू लागली. "पण ते तर सांगायचे, तुम्हाला सगळं ठाऊक आहे म्हणून. तुमची हरकत नाही, फक्त आम्ही समोर आलेलं तुम्हाला चालणार नाही, असं म्हणायचे. म्हणून तर मी कधी तिकडे फोन केला नाही. मला वाटायचं, काय मोठ्या मनाची बाई आहे. मनातल्या मनात तुमचे आभार मानायचे मी."

"खोटं होतं ते."

"दवाखान्यात तुम्ही माझ्याशी बोलला नाहीत, तेव्हा वाटलं, ठरल्याप्रमाणे वागताहेत."

"मला माहीत नव्हतं हो," चुणीताई म्हणाली.

त्या बाईने तिच्या दंडावर हात ठेवला. "असू दे ताई," ती समजुतीने म्हणाली. "आता त्याने काय फरक पडतो?"

परतीच्या बसमध्ये ती खिडकीला डोकं टेकून बसली होती. रडू आलं नाही. नवऱ्याने दोघींना फसवलं हे तिच्यासाठी जुनंच होतं. पण दुसरीला फसवायला त्याने हिलाच साक्षीदार केलं होतं, हिच्या पाठीमागे, हिच्या नावाने. आणि ती साक्ष अजून पक्की उभी होती.

पुढे चॅनेलच्या पानावर भावाची मुलाखत आली. मोठा फोटो, हनुवटीखाली हात. 'ही माझ्या घरातलीच गोष्ट आहे,' त्याने सांगितलं होतं. 'माझ्या सख्ख्या बहिणीच्या वाट्याला आलेली.' कटरबाई वाचता वाचता थांबली. फोटो तिने बोटांनी मोठा केला.

"हा तर तुमचा भाऊ. आपल्याकडून पडदे नेले होते ना याने?"

मशीनं थांबली. सगळ्यांच्या माना खिडकीकडे वळल्या. टेबलाभोवती ज्या ज्या गोष्टी बोलल्या गेल्या होत्या त्या एकेकीला आठवत असाव्यात, कारण कुणाला तिच्याकडे सरळ बघवेना. पण नजर काढूनही घेववत नव्हती.

शेवटी कटरबाईच पुढे झाली. "चुणीताई, रागावू नका," ती म्हणाली. "पण खरंच माहीत नव्हतं?"

तिने त्या चेहऱ्यांकडे बघितलं. चेहरे दुष्ट नव्हते. त्यांना फक्त एक उत्तर हवं होतं, आणि ते आधीच ठरलेलं होतं.

"होतं," ती म्हणाली.

"मला वाटलंच!" कटरबाईने सुटकेचा श्वास टाकला. खुर्ची ओढून ती जवळ बसली, चहाचा पहिला कप तिच्या हातात दिला. कधी कळलं, कसं कळलं? चुणीताईने सांगितलं. तिसऱ्या वर्षी. शर्टाच्या खिशात लहान मुलीची केसांची पिन सापडली. सगळं मनचं. सांगताना ती एकदाही अडखळली नाही, आणि ऐकताना एकीनेही भुवई उंचावली नाही. त्या दिवसापासून कारखान्यात तिचा मान वाढला. पक्की बाई आहे, असं तिच्यामागे बोललं जाऊ लागलं.

भावाचे फोन येत राहिले, तिने उचलले नाहीत. त्याची मालिका पुढच्या वर्षीही येणार, असं जावांकडून तिच्या कानावर आलं.

एके दिवशी दुपारी धाकटी जाऊ तिच्या मागोमाग हात धुवायच्या जागी आली. एरवी थोरलीच्या सावलीत वावरणारी, तोंडातून शब्द न काढणारी. तिने दार लोटून घेतलं.

"मलाही माहीत आहे," ती कुजबुजली. "आमच्या ह्यांचं. वर्ष झालं. थोरलीला सांगितलं नाही." तिने मागे वळून दाराकडे बघितलं. "तुम्ही एवढी वर्षं कसं सोसलंत? रोज समोर बसून जेवायचं कसं, झोपायचं कसं? मला सांगा ना."

चुणीताईने तोंड उघडलं. खिशातल्या पिनेपर्यंत तिला सुचलं होतं, पुढचं काही सुचेना. नळाखाली हात धरून ती उभी राहिली. पोरीला काहीतरी सांगायला हवं होतं. निदान खरं तरी. पण खरं सांगितलं असतं तर त्यावर विश्वास कोण ठेवणार होतं?

"चल," ती म्हणाली. "मशीन चालूच ठेवून आलीस तू."

धाकटीने डोळे पुसले आणि निघून गेली. तेव्हापासून ती चुणीताईशी कामापुरतंच बोलते. इतकं ठाऊक असून बाई सांगत नाही, असं तिच्या मनाने घेतलं आहे.