बाबांच्या कॅटात अडवणारं पान नव्हतं

आमच्या घरी पत्ते आले ते चर्चमधून, हे सांगितलं तर राजूरमध्ये आजही कोणाला खरं वाटत नाही. परदेशातून पाहुणे म्हणून आलेलं एक जोडपं नाताळानंतर परत जाताना तरुण संघासाठी बायबलमधल्या गोष्टींवरच्या पत्त्यांची दोन खोकी ठेवून गेलं. तरुणांनी दोन रविवार ती उलटसुलट करून पाहिली आणि पुन्हा मोबाइलमध्ये डोकं घातलं. कपाटात धूळ खात पडलेली ती खोकी मी उचलून घरी आणली. मी वणीला शाळेत गणित शिकवते; नियमांची पुस्तिका दिसली की मला राहवत नाही. बाबा तेव्हा कोळशाच्या खाणीतून नुकतेच निवृत्त झाले होते आणि दिवसभर आईच्या फोटोसमोर बसून असायचे. त्यांना कशात तरी गुंतवायचं, एवढाच माझा हेतू होता.

पानं इंग्रजीत होती आणि बाबांना इंग्रजी येत नव्हतं. मग मी प्रत्येक पानावर मराठी चिठ्ठी चिकटवली आणि लग्नपत्रिकांचं प्लास्टिक कापून त्याच्या पिशव्या चढवल्या. पानं अशी जाड झाली की पिसताना निम्मी जमिनीवर सांडायची.

खेळ असा होता. प्रत्येकाने आपला निदान पन्नास पानांचा कॅट स्वतः निवडून बांधायचा. त्यात सात ‘हरवलेले आत्मे’ असलेच पाहिजेत. आत्म्याचं पान हाती आलं की ते आपल्यासमोर उघडं मांडायचं. समोरचा आपला एखादा वीर पाठवून त्या आत्म्याला सोडवायला येतो. आपण एखादा दुष्ट मधे उभा करून त्याला अडवायचं. क्रूर राजा, खोटा संदेष्टा, लाचखाऊ न्यायाधीश, असे पुष्कळ दुष्ट खोक्यात होते. मग दोघांचं बळ मोजायचं. अडवायला कोणी नसलं तर आत्मा सरळ सुटतो. ज्याने आधी पाच सोडवले तो जिंकला.

दुसऱ्याच आठवड्यात मी या खेळाचं मर्म ओळखलं. पानं पन्नासच्या फार वर न्यायची नाहीत, कारण पानं वाढली की आत्मेही वाढवावे लागतात. रंग दोनच ठेवायचे, कारण निळ्या वीराला निळ्याच पानाचं बळ चढतं. पाच रंग भरले तर वीर एका रंगाचा आणि बळ भलत्याच रंगाचं हाती येतं. आणि दुष्ट मात्र भरपूर घ्यायचे, निदान पंधरा. बाबांनी नेमकं उलटं केलं. सगळ्या रंगांचे वीर घेतले आणि दुष्ट एकही घेतला नाही.

साहजिकच ते हरायचे. दर रविवारी, उपासना आणि जेवण आटोपलं की आम्ही बसायचो आणि अर्ध्या तासात मी त्यांचे पाच आत्मे सोडवून मोकळी व्हायचे. हरल्यावर बाबा हसत वगैरे नसत. चहा पाणचट झाला म्हणून माझ्यावर चिडत. मीही काही गरीब गाय नाही. एका रविवारी मी पानं खाटेवर आपटली आणि विचारलं, की मुद्दाम हरायचं असेल तर मी माझा रविवार कशाला घालवू?

बाबा खाणीच्या लॅम्परूममध्ये कामाला होते. खाली उतरणारा प्रत्येक माणूस त्यांच्या हातून दिवा घेई आणि वर आला की परत देई. पाळी सुटल्यावर एका जरी दिव्याची जागा रिकामी दिसली तरी बाबा घरी येत नसत. लहानपणी त्यांचं ताट झाकून ठेवलेलं मी कितीदा पाहिलंय. त्या दिवशी सांडलेली पानं गोळा करत ते म्हणाले, “जो वर येऊन राह्यला त्याले मी अडवू? खेळातबी नाही जमत मले.”

मी पुढची सहा वर्षं जिंकत राहिले.

मागच्या हिवाळ्यात बाबांची फुप्फुसं थकली. यवतमाळच्या एका दवाखान्यात त्यांना ठेवलं, नाकाला ऑक्सिजनची नळी लागली. दोघांचे कॅट आपापल्या खोक्यात घालून मी पिशवीतून सोबत नेले होते. नवव्या दिवशी डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून नीट समजावलं. आता यापुढे फारसा फरक पडणार नाही, त्यांची इच्छा असेल तर सिलिंडर घेऊन घरी न्या, म्हणाले. मी म्हटलं, आणखी एक तपासणी करू. सोमवारी करू म्हणाले. आत येऊन मी बाबांना यातलं काही सांगितलं नाही.

त्या दुपारी त्यांनीच पानं मागितली. पिसताना मी माझ्या कॅटातले दोन दुष्ट हळूच त्यांच्यात सरकवले. एकदा जिंकले तर ते उठून बसतील, असं मला वाटत होतं. गणित शिकवणारी बाई, आणि हे मला खरंच वाटत होतं.

मी चार आत्मे सोडवले होते. पाचव्यासाठी मी वीर पाठवला आणि बाबांच्या हातात क्रूर राजा आलेला मला दिसला. दुमडलेल्या कोपऱ्यावरून मी माझं पान ओळखलं. त्यांनी ते पान बराच वेळ धरून ठेवलं. माझ्याकडे पाहिलं. मग पान चादरीवर पालथं ठेवून म्हणाले, “ने.”

मी पाचवा आत्मा उचलला.

“आता मले घरी ने, माय,” बाबा म्हणाले. “डाक्टर नाही म्हणते का?”

“हो,” मी म्हटलं. “सोमवारपर्यंत थांबा म्हणतात.”

“बरं,” म्हणाले. मी चहा आणायला खाली गेले. परत आले तेव्हा पानं दोन्ही खोक्यांत भरून ठेवलेली होती आणि त्यांचा डोळा लागला होता.

सोमवार यायच्या आधीच, शुक्रवारी सकाळी, तिथेच, त्या खाटेवर बाबा गेले. त्यांना राजूरला आणलं ते गाडीतून, झाकून.

महिन्याभराने मी खोकी उघडली. त्यांच्या कॅटातले माझे दोन दुष्ट शोधायचे होते, पण तिथे एकही नव्हता. ते माझ्या खोक्यात सगळ्यात वर होते, क्रूर राजाचा दुमडलेला कोपरा सरळ करून ठेवलेला. मी खाली गेले तेव्हा बाबांनी माझं मला परत केलं होतं. एका शब्दानेही रागावले नाहीत, आणि डॉक्टर नाही म्हणतात हे मात्र त्यांनी खरं मानलं. डॉक्टर नाही म्हणाले नव्हते. बाबांना घरी यायचं होतं आणि मी त्यांना अडवलं.