साठ झाडं, एकच जात

सफरचंदं लावल्यापासून रोज पहाटे चहाच्या आधी झुलाल आबा पंपाच्या खोलीबाहेर टांगलेला तापमापक बघत आणि आकडा मोठ्यानं म्हणत. ऐकायला कोणी असो नसो. शेजारच्या शेतातून हिलाल विचारी, "आबा, भडगावमा बर्फ कव्हय पडी?"

चाळीस वर्षं आबांनी गिरणाकाठी केळी केली. केळीची बाग म्हणजे एकच वाण, सगळी कटाई जवळजवळ एका वेळी. त्यामुळे उष्ण हवेत येणाऱ्या सफरचंदाची रोपं घ्यायला गेले तेव्हाही त्यांनी एकच जात निवडली, अण्णा. थंडी कमी लागते, फळ लाल, नावही ओळखीचं. रोपवाटिकेतला माणूस म्हणाला, मधूनमधून डोरसेट ही दुसरी जातही लावा. आबांना ती माल खपवायची युक्ती वाटली. साठही रोपं अण्णाचीच आली.

तिसऱ्या वर्षी माघात झाडं गुलाबी-पांढरी झाली. आठ दिवसांत फुलं गळली. मागे काहीच धरलं नाही.

"आखाजीनंतर ट्रॅक्टर लावस," मुलगा कुंदन अक्षय्य तृतीयेचा हिशेब धरून म्हणाला. "बठ्ठं उपटीसन केळी लावूत."

सून हेमांगीनं रोपवाटिकेत फोन केला. अण्णाला स्वतःचा पराग चालत नाही, शेजारी दुसरी जात फुललेली हवी. तिनं आबांना सांगितलं. त्यांनी फळ न धरलेली एक फांदी खाली ओढून पाहिली.

"केळीले जोडीदार लागस नही ना, पोरी. मी तेच धरीसन चालनू."

कुंदननं एक हंगाम दिला. नवी डोरसेट लावून ती फुलायला वर्षं गेली असती. म्हणून पुढच्या फुलोऱ्याला हेमांगीनं दोंडाईच्याजवळच्या एका बागेतून डोरसेटच्या फुललेल्या फांद्या मागून घेतल्या आणि ओल्या पोत्यात बांधून एसटीनं आणल्या.

"लग्नाची सजावट का, ताई?" कंडक्टरनं विचारलं.

"हो. साठ नवऱ्या खोळंबल्यात."

आबांनी पाण्याच्या बाटल्या झाडांना बांधून त्यांत फांद्या उभ्या केल्या. दुपारपर्यंत मधमाशा दोन्ही फुलांवर फिरू लागल्या.

चैत्रात बोराएवढी फळं धरली. सगळ्या झाडांना नाही, निम्म्याहून थोड्या जास्तांना. कुंदन ओळींतून एकटाच फिरून आला. ट्रॅक्टरचं नाव त्यानं काढलं नाही. ठिबकची तुंबलेली नळी सोडवत बसला.

आबांनी तोवर अंथरूण धरलं होतं. छातीत पाणी झालं होतं. फळं लाल होईपर्यंत ते राहिले नाहीत. गेले त्याच्या आदल्या संध्याकाळी हेमांगी शेताकडे निघाली, तेव्हा त्यांनी खाटेवरून हाक मारली.

"कुंदनले सांग, पानी सकाये सोड. दुपारना नको."