मधोमध गोळा केलेल्या खिडक्या

लोहाऱ्यात हॅम रेडिओचं लायसन्स असलेला मी एकटाच. गच्चीवरच्या तारा बघून कुणी विचारलं, की मी सांगतो, सरकारची रीतसर परवानगी घेऊन मी जगातल्या अनोळखी माणसांशी बोलतो. त्यावर माणूस जरा आदरानं बघतो आणि विचारतो, "काय बोलता मग?" इथं पंचाईत होते. कारण बोलणं एवढंच असतं: तुमचा आवाज मला छान येतोय, माझा तुम्हाला येतोय का? येतोय. बरं, रामराम. एवढ्यासाठी मी परीक्षा दिली, आणि बायकोनं कुरडया वाळत घालायची जागा अँटेनाला दिली. दिली म्हणजे मी घेतली.

प्रत्येक बोलण्याची नोंद ठेवावी लागते. कुणाशी, कधी, कुठल्या फ्रिक्वेन्सीवर. पूर्वी हे वहीत व्हायचं. आता त्यासाठी सॉफ्टवेअर आहे, आणि ते बनवणाऱ्यानं फार मोठा घोटाळा करून ठेवलाय. त्यानं नोंद करायची एक खिडकी देऊन गप्प बसायला हवं होतं. त्यानं भरमसाट खिडक्या दिल्या. एकीत नोंद लिहायची, दुसरीत जुन्या नोंदी, तिसरीत या क्षणी बँडवर कोणकोण बोलतंय त्यांची उभी पट्टी, चौथीत जगाचा नकाशा, त्यावर सरकत जाणारी रात्रीची सावली. आणि वर सांगितलं, की या खिडक्या तुम्हाला हव्या तिथं ठेवा. माणसाला हवं तसं करू दिलं, की काय होतं ते आपल्याला घरोघरी दिसतंच.

मी शाळेत विज्ञान शिकवतो, त्यामुळं मांडणीची मला फार हौस. सोलापूरहून मी चांगला रुंद मॉनिटर आणला होता. त्यावर नकाशा वर उजवीकडं, नोंदीची खिडकी डावीकडं, जुन्या नोंदी खाली आडव्या, आणि बँडची पट्टी अगदी उजव्या कडेला, उभी. रंगसुद्धा ठरवलेले. ज्याच्याशी अजून बोलणं झालं नाही ते स्टेशन लाल, झालं असेल ते करडं. या मांडणीमुळं माझे संपर्क वाढले का? नाही. पण दिसायला एखाद्या मोठ्या विमानतळाची कंट्रोल रूम.

ही विमानतळी शोभा उधळायला सास्तूरहून अण्णा यायचे.

अण्णा माझ्यापेक्षा वयानं बरेच मोठे. वायरमन म्हणून निवृत्त झालेले, थोडी शेती. भूकंपानंतर त्यांचं सगळं गाव पत्र्याच्या शेडमध्ये राहत होतं, तेव्हा बाहेरून काही रेडिओवाली माणसं आली होती. टेलिफोन मेलेला, आणि एक माणूस बाभळीला तार बांधून दूरच्या शहराशी बोलतोय, हे अण्णांनी बघितलं. तेव्हा जे वेड डोक्यात शिरलं ते निवृत्तीनंतर लायसन्स काढूनच शांत झालं. शांत म्हणजे माझ्या घरी येऊन बसलं. त्यांच्याकडं लाईटचा भरवसा नव्हता, म्हणून ठरलेल्या वेळात जास्तीत जास्त स्टेशनांशी बोलायची स्पर्धा असली, की दोघं मिळून माझ्याच स्टेशनवरून भाग घ्यायचो. आलटून पालटून बसायचं, एकच रेडिओ, एकच कॉम्प्युटर.

अण्णा खुर्चीत बसले, की पहिलं काम म्हणजे माझी मांडणी मोडणं. नकाशा बंद. पट्टी कडेवरून ओढून मध्ये. जुन्या नोंदी तिच्यावर, नोंदीची खिडकी त्यांच्याही वर. सगळ्या खिडक्या मॉनिटरच्या मधोमध एकमेकींच्या अंगावर, लग्नसराईत लोहाऱ्याच्या जीपमध्ये माणसं बसतात तशा. आणि दोन्ही बाजूंना नळदुर्गच्या किल्ल्यातला धबधबा, म्हणजे माझा वॉलपेपर, ऐसपैस रिकामा वाहत असायचा.

"अण्णा, एवढी जागा पडलीय. जरा पसरून बसा की."

"पसरून काय करायचं सर? एका जागी बसलं की समदं हाताशी ऱ्हातंय."

"मग मी रुंद मॉनिटर आणला कशाला?"

"ते म्या कसं सांगू? म्या कुठं आणाय सांगितलं व्हतं?"

पूर्वी ते असं करत नसत. सुरुवातीला तर नकाशाचं त्यांनाच कौतुक, रात्र कुठवर आली ते बघत बसायचे. मग एका वर्षी नकाशा नको झाला. मग पट्टी जरा आत आली. मग आणखी आत. मी याचा अर्थ असा लावला, की माणूस म्हातारपणी हेकट होत जातो. विज्ञानाचा शिक्षक असल्यामुळं निरीक्षणावरून निष्कर्ष काढायची मला सवयच आहे.

पाळी बदलली की माझी पहिली काही मिनिटं खिडक्या जागेवर नेण्यात जायची आणि अण्णांची त्या पुन्हा गोळा करण्यात. तेवढ्यात जपान, इंडोनेशिया, ऑस्ट्रेलिया सगळे हाका मारून दमून जायचे. चहा घेऊन येणारी बायको हे बघून म्हणायची, "शाळेतली पोरं बाकावरनं भांडतेत, ती बरी."

मग मला सॉफ्टवेअरच्या मदत-पानांत शोध लागला, की प्रत्येकाची मांडणी वेगळी साठवता येते. एका क्लिकवर माझी, एका क्लिकवर त्यांची. वाद मिटला असता. पण मिटलेल्या वादात काय राम? त्यांची मांडणी साठवताना मी त्यात किंचित सुधारणा केली. बाकी सगळं त्यांच्या मनासारखं मधोमध ठेवलं, फक्त बँडची पट्टी उजव्या कडेला नेऊन ठेवली, जिथं ती शोभते तिथं. म्हटलं, बघू या, हेकटपणा कुठवर टिकतो.

हिवाळ्यातली स्पर्धा होती. दुपारी अण्णा खुर्चीत, मी शेजारी स्टुलावर. त्यांनी मांडणी बघितली आणि थेट हाका मारायला लागले. मला वाटलं, चला, सुधारले. थोड्या वेळानं पट्टीत प्रशांत महासागरातल्या एका बेटाचं स्टेशन लाल अक्षरांत उमटलं. असलं स्टेशन वर्षानुवर्षं मिळत नाही. अण्णा आपले जर्मनीला पुन्हा पुन्हा हाका मारताहेत.

"अण्णा, लाल."

"काय लाल?"

"उजवीकडं बघा की. बेट आलंय."

अण्णांनी डोळे नुसते फिरवले नाहीत. कोंबडी बघते तशी अख्खी मान वळवली, आधी थोडी, मग आणखी थोडी, आणि मग म्हणाले, "हां. आता आलं बघा."

आता आलं नव्हतं. चांगलं चहा उकळून होईस्तोवर तिथंच होतं. मी म्हणालो, "अण्णा, मला खिजवायचं म्हणून बेट सोडू नका."

"न्हाय वो. नव्हतंच ते."

तेवढ्यात बेटवाल्याला हाक मारायच्या घाईत त्यांचं कोपर उजवीकडच्या चहाच्या कपाला लागलं आणि कप टेबलावर आडवा झाला. बायको फडकं घेऊन आली. "अण्णा, कप दिसला न्हाय का?"

"तुमी आत्ताच ठिवला न्हवं, वैनी?"

"मघाच ठेवलाय. निवून गेलाय बघा चहा."

ती टेबल पुसता पुसता थांबली आणि माझ्याकडं बघायला लागली. त्या बघण्याचा अर्थ मला बरोबर कळला, कारण दरवर्षी मी वर्गात कडेच्या नजरेचा प्रयोग करून दाखवतो. एका पोराला समोर बघायला सांगायचं, पेन्सिल कानाच्या बाजूनं हळूहळू पुढं आणायची आणि दिसली की हात वर कर म्हणायचं. पोरं पेन्सिल कानापाशी असतानाच ओरडतात.

मी खिशातला लाल पेन काढला. "अण्णा, जरा खेळ करू. नाकासमोर बघायचं, मान हलवायची नाही. पेन दिसला की सांगा."

"स्पर्धा चालू हाय, सर!"

"राहू द्या बेटाला बेटावर."

मी पेन त्यांच्या कानापासून पुढं आणायला लागलो. गालापर्यंत आणला. डोळ्याच्या कोपऱ्यापर्यंत आणला. अण्णा नाकासमोर बघत शांत बसलेले. पेन जवळजवळ त्यांच्या नाकापाशी पोचला तेव्हा म्हणाले, "हां, दिसला." दुसऱ्या बाजूनंही तेच.

रेडिओतून कुणीतरी एकसारखा स्वतःचा कॉल साईन, म्हणजे लायसन्सवरचं सांकेतिक नाव, ओरडत होता.

"पेन लई बारीक हाय," अण्णा म्हणाले.

बायको आत गेली आणि भाकरीचं उलथनं घेऊन आली. उलथन्यानंही काही फरक पडला नाही. अण्णांनी ते हातात घेऊन उलटसुलट करून बघितलं, जणू दोष उलथन्याचाच होता.

"गाडी कशी चालवता मग?" बायकोनं विचारलं. अण्णा सास्तूरहून मोटरसायकलवर यायचे, ऊस भरलेल्या ट्रॅक्टरांच्या शेजारून.

"समोर दिसतंय की, वैनी. रस्ता समोरच असतोय."

"आणि बाजूनं येणारं?"

"ते हार्न वाजवतंय."

बायकोनं टेबलावरची मोटरसायकलची किल्ली उचलली आणि धान्याच्या डब्यात टाकली. त्या संध्याकाळी ते शेअर जीपनं परत गेले. जीपमध्ये बाजूला बसलेल्यानं नुसता हात उचलून त्यांना रामराम केला, त्याला त्यांनी उत्तर दिलं नाही, आणि तो माणूस आठवडाभर रुसून होता, हे नंतर कळलं.

दोनेक दिवसांनी मी त्यांना एसटीनं सोलापूरला डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं. वाटेत त्यांनी मला अनेक प्रकारे समजावलं, की चष्म्याचा नंबर वाढलाय, बाकी काही नाही. मी हो हो म्हणत होतो. माझा आतला आवाज मात्र अजिबात हो म्हणत नव्हता.

तिथं त्यांच्या डोळ्यांचा दाब मोजला आणि मग एका यंत्रासमोर बसवलं. एका डोळ्यावर पट्टी, हनुवटी टेकवायची, पांढऱ्या वाटीसारख्या पडद्यात मधल्या ठिपक्याकडं बघायचं आणि आजूबाजूला कुठंही बारीक उजेड चमकला, की हातातलं बटण दाबायचं. अण्णांना हे फार आवडलं. आयुष्यभर बटणं दाबलेला माणूस. तपासणारी पोरगी आत गेल्यावर मला दबक्या आवाजात म्हणाले, "सर, माझी एक सुदीक चुकली नसंल बघा."

बहुतेक सगळ्या चुकल्या होत्या. डॉक्टरीणबाईंनी छापलेला कागद समोर ठेवला. दोन गोल, दोन डोळ्यांचे. कडेनं सगळं काळं, आणि मधोमध एक लहानसा पांढरा ठिपका.

"काचबिंदू आहे," त्या म्हणाल्या. "कडेची नजर हळूहळू जाते, म्हणून माणसाला कळत नाही. मधली नजर शेवटपर्यंत चांगली असते. गेलेलं परत येणार नाही. पण थेंब रोज घातले, तर राहिलेलं टिकवता येईल."

अण्णांनी कागद जवळ ओढला. मला वाटलं, आता काय बोलायचं या माणसाशी. दिलासा देण्याचं वाक्य मी मनात जुळवत होतो, आणि ते सगळं पाठ्यपुस्तकातलं वाटत होतं.

मग अण्णा कागदावर बोट ठेवून म्हणाले, "बाई, ह्यो तर माझा लेआऊट हाय."

"कसला?"

"खिडक्यांचा. ह्ये सर दोन-तीन वर्सं झाली माज्यासंगं भांडतेत, की खिडक्या पसरून ठिवा. म्या मधी ठिवतो. का ठिवतो ते मलाबी ठावं नव्हतं. जिथं दिसत हुतं तिथं म्या ठिवत गेलो."

डॉक्टरीणबाईंना काही कळलं नाही. त्यांनी माझ्याकडं बघितलं. मी खिडकीबाहेर बघत होतो.

परतीच्या एसटीत अण्णा खिडकीपाशी बसले होते. नळदुर्ग मागं पडल्यावर म्हणाले, "सर, म्हंजी हेकट म्या न्हवतोच. मग ऱ्हायलं कोण?"

हा प्रश्न मी ऐकला नाही. एसटीचा आवाजच तेवढा असतो.

मोटरसायकल त्यांनी पुतण्याला दिली, फार कुरकुर करून. थेंब घालायची आठवण त्यांची सून करते, आणि ती नसली की फोन करून मी. नजर तेवढ्यावर थांबलीय, असं परवाच्या तपासणीत निघालं. स्पर्धेला ते जीपनं येतात. त्यांच्यासाठी मी माळ्यावरचा जुना लहान मॉनिटर काढला. त्यात खिडक्या पसरायला जागाच नाही, त्यामुळं भांडायलाही नाही, आणि ही एक अडचणच झालीय.

पण रोज सकाळी आसपासच्या जिल्ह्यांतली हॅम मंडळी एका ठरलेल्या फ्रिक्वेन्सीवर जमतात, तिथं अण्णांनी आता नवीनच काढलंय. कुणी नुसता नमस्कार केला, तरी ते विचारतात, "तुमच्या खिडक्या कुठं असत्यात?" त्यांना वाटतं, कुणाच्या खिडक्या मधोमध सरकल्या असतील, तर वेळेत डोळे दाखवेल बिचारा. समोरच्याला वाटतं, चला, शेवटी कुणीतरी विचारलं. मग तो आपली मांडणी सांगायला बसतो. नकाशा कुठं, पट्टी कुठं, रंग कुठले, अक्षर किती मोठं. परवा एकानं जेवायच्या वेळेपर्यंत सांगितलं. अण्णा मध्येमध्ये "व्हय, व्हय" म्हणत होते. शेवटी त्याला म्हणाले, "तुमचे डोळे झकास हायत. आता जरा ऐकायचं बगा."