दातांच्या खुणा आढळल्या नाहीत

"वाघ सुरी लिसन फिरस का, डाक्टर?" आबांनी मला विचारले आणि भोवती जमलेली माणसे हसली.

शिरपूरच्या उत्तरेला, सातपुड्याच्या पायथ्याशी, एका खडकाळ नाल्यात आबांची गाय मरून पडली होती. आबा गावातले मोठे शेतकरी. मी तालुक्याचा सरकारी पशुवैद्य. त्यांचा गुराखी गुमान पावरा पोलीस शिपायाशेजारी उकिडवा बसला होता. गाय वाघाने मारली, असे तो सांगत होता. त्यानेच ती कापून मांस विकले, असा आबांचा आरोप होता. त्याने तुरुंगात जायचे की नाही, ते माझ्या अहवालावर ठरणार होते.

मी पाहिले ते असे. पोट फाडलेले. आतला रुमेन, म्हणजे चाऱ्याने भरलेली मोठी पिशवी, जिला लोक वजडी म्हणतात, न फुटता बाहेर काढून चार हातांवर बाजूला टाकलेली. शेपूट मुळाशी तुटलेले. मागच्या मांड्यांचे मांस गेलेले, पुढचा भाग शाबूत. इतकी टापटीप जनावराला कुठली, असा मी तर्क केला.

"कातडे कुठे आहे?"

"सोलीसन धाडी दिधं. ठेवतू तर सडी जातं."

पंचनाम्यापूर्वी पुराव्याला हात लावणे गैर आहे, हे मी आबांना कायद्याच्या भाषेत चांगलेच सुनावले. कातडे मात्र परत मागवले नाही.

"साहेब, वाघनी मारी शे. मी देखं," गुमान म्हणाला. "नरडीले धरं व्हतं."

नरडी समोरच होती. सोललेल्या मांसावर माश्या घोंगावत होत्या. मी वाकलो नाही. अहवालात लिहिले, 'दातांच्या खुणा आढळल्या नाहीत.' वाक्य खोटे नव्हते. जे शोधले नाही, ते आढळत नाही. कोर्टात मी तेच शपथेवर सांगितले. गुमानला सहा महिने सक्तमजुरी झाली.

पाचव्या महिन्यात शेजारच्या गावी एक बैल मेला. त्याच्यावर बसलेला वाघ सकाळी तिघांनी डोळ्यांनी पाहिला होता. मी पोहोचलो तेव्हा बैलाची वजडी अखंड बाजूला पडली होती, शेपूट तुटले होते, मांड्या खाल्लेल्या होत्या.

"हे कोणी साफ केले?" मी विचारले.

फॉरेस्टचा म्हातारा रखवालदार नथूभाऊ माझ्याकडे बघतच राहिला. "वाघनी. दुसरं कोन करी? वजडी फुटनी तर मांस नासस. वाघ मांगेतून खास, बिबट्या पोटकडतून. तुमले म्हाईत नही का, साहेब?"

कॉलेजात आम्हाला गाय शिकवली होती. तिला खाणारा शिकवला नव्हता. ही सबब मी पुढे करीत नाही. मी बैलाच्या मानेचे कातडे चिरले. खाली सुळ्यांची चार खोल भोके होती आणि भोवतीचे मांस साकळलेल्या रक्ताने काळे पडले होते. जिवंतपणी झालेल्या जखमेतच रक्त असे साकळते, आणि कातडे सोलले तरी तो डाग मांसावर राहतो. गायीच्या मानेवरही तो असणार होता.

त्याच दिवशी मी कोर्टाला पत्र लिहिले. मग जिल्हाधिकाऱ्यांना, मग माझ्याच खात्याला, मग पुन्हा कोर्टाला. एकच उत्तर आले: 'आपण या प्रकरणात पक्षकार नाही.' ते उत्तर कायद्याला धरून होते, आणि त्यामुळेच माझा अधिक संताप झाला. माझ्या एका ओळीवर माणूस आत गेला होता, आणि तीच ओळ मागे घेण्याचा मला अधिकार नव्हता.

गुमान पूर्ण मुदत भोगून धुळ्याच्या तुरुंगातून सुटला. मी फाटकाशी उभा होतो. सगळे सांगितले. त्याने मान खाली घालून ऐकले.

"मंग हाई आबाले सांगा," तो एवढेच म्हणाला. "ढोरं चाराले त्याच देतस."

मी इतक्या कचेऱ्यांना लिहिले होते. आबांना एक ओळ लिहिली नव्हती. दुसऱ्या दिवशी मी गुमानला घेऊन त्यांच्या ओट्यासमोर उभा राहिलो आणि गावकऱ्यांदेखत माझी चूक कबूल केली.

आबा शांतपणे उठले, आत गेले आणि निकालाची नक्कल घेऊन आले. "डाक्टर, तुम्ही आज बोलतस. हाई कोर्टना कागद शे. बठ्ठा गावले मी वाची दाखाडा." गुमानकडे त्यांनी पाहिलेही नाही.

त्या गावात गुमानला पुन्हा कोणी गुरे दिली नाहीत. तो बिऱ्हाड घेऊन डोंगरात निघून गेला.

'मान तपासली नाही' असे अहवालात लिहायला तीन शब्द लागतात. ते लिहिण्यास मला कोणत्याही कलमाची मनाई नव्हती.