घरच्यांना तीन, पाहुण्याला पाच

अभिप्रायांचा तो गठ्ठा आठवला की आजही माझं डोकं फिरतं.

भंडाऱ्यात आम्ही चार-पाच सॉफ्टवेअरवाल्यांनी पहिल्यांदाच डेव्हलपर कॉन्फरन्स भरवली होती. कॉलेजचा हॉल घेतला, पुण्याहून एक मोठा वक्ता बोलावला. प्रत्येक भाषणानंतर श्रोत्यांनी कागद भरायचा, पाचपैकी गुण द्यायचे आणि दोन ओळी लिहायच्या. ज्याला सर्वांत जास्त गुण, तो नागपूरच्या मोठ्या कॉन्फरन्समध्ये बोलणार. जागा एकच. हा नियम मीच सुचवला होता, तोही मोठ्या ऐटीत.

ती जागा माझ्या मैत्रिणीला हवी होती. जवाहरनगरला ऑर्डनन्स फॅक्टरीच्या क्वार्टरमध्ये वाढलेली, घरून एका छोट्या कंपनीचं काम करणारी पोरगी. नागपूरला मोठ्या कंपन्यांची माणसं येतात, त्यांच्यासमोर एकदा उभं राहायला मिळालं तर इथूनच बरं काम मिळेल, असा तिचा हिशेब होता. भंडारा सोडायचं नव्हतं तिला.

आणि बोलली काय मस्त! धान खरेदी केंद्रावर नेटवर्क गेलं की नोंद अर्धवट राहते आणि शेतकऱ्याला परत रांगेत उभं राहावं लागतं. तिनं असं ॲप लिहिलं होतं, की नोंद आधी फोनमध्येच राहते आणि नेटवर्क आल्यावर आपोआप पुढे जाते. तिनं स्टेजवरच फोनचं नेट बंद करून दाखवलं. वरठीच्या कारखान्यात सॉफ्टवेअर सांभाळणारा एकजण तर प्रश्न विचारायचा थांबेना.

पुण्याच्या पाहुण्यांनी मात्र चाळीस मिनिटं एआय, भविष्य आणि स्वतःच्या ऑफिसचे फोटो दाखवले. कोडची एक ओळ नाही. मागच्या रांगेत दोघं खुशाल झोपले होते.

संध्याकाळी कागद मोजले. पाहुण्यांना पाच, पाच, पाच. एकानं लिहिलं होतं, ‘काही समजले नाही, पण फारच उच्च.’ तिला तीन, चार, तीन. ‘ताई छान बोलली. आपलीच आहे.’ माझी तळपायाची आग मस्तकात गेली. आपली आहे म्हणून दोन गुण कापता काय रे?

एका तीनच्या खाली सवयीनं सही ठोकलेली होती. इथल्याच शहापूरचा माझा मित्र, पॉलिटेक्निकात शिकवतो, त्याला दिसेल त्या कागदावर सही करायची खोड आहे. तिथंच फोन लावला.

‘तिले तीन कायले देले बे तू?’

‘अरे, घरच्या पोरीले कोनी पाच देते का? पाहुणा बिचारा एवढ्या दुरून आला, त्याले कमी देले तं बरं दिसते का?’

म्हणजे पंगतीत वाढतात तसे गुण वाढले होते लोकांनी. आधी पाहुण्यांचं ताट, उरलं तर घरच्यांना. यात कुणाचाही वाईट हेतू नव्हता, याचाच जास्त संताप आला मला. हेतू वाईट असता तर भांडता तरी आलं असतं.

ती खुर्च्या रचत होती. तिनं गठ्ठा बघितला, सगळं ओळखलं.

‘तू किती देले?’ तिनं विचारलं.

खोटं बोलायला हवं होतं. ‘चार,’ मी म्हणालो.

‘अन् त्यायले?’

‘पाच.’

दुसऱ्यांवर आग पाखडत होतो आणि माझाही कागद त्याच गठ्ठ्यात होता. भाषण कंटाळवाणं आहे हे कळत असूनही माझ्या हातानं पाचाला गोल केला होता. लाज वाटली, आणि त्या लाजेचाही रागच आला.

ती ओरडली नाही. एवढंच म्हणाली, ‘मंग मले पाच भेटाले कोन्या गावाले जा लागन, तेवढं सांग.’

नागपूरला पाहुणाच गेला. दोन महिन्यांनी ती पुण्याला निघून गेली.

पुढच्या वर्षी आम्ही तिला बोलावलं. पुण्याहून आली, तेच भाषण दिलं, तेच ॲप दाखवलं. शहापूरच्या मित्रानं पुष्पगुच्छ दिला. या वेळी सगळ्या कागदांवर पाच होते, एकही चार नाही.

मी गठ्ठा तिच्यासमोर ठेवला. तिनं तो उलटूनही पाहिला नाही.