साहेबाला एवढं लागत न्हाई

तालुक्याच्या कचेरीबाहेर बसणाऱ्या त्या अर्ज लिहिणाऱ्याचा मला संताप येतो. बिबट्यानं गाय मारली की भरपाईच्या अर्जासाठी लोक त्याच्याकडेच येतात. देवळालीची एक म्हातारी सांगत होती, "वासरू अजून तिच्या दाव्यापाशीच बसतंय." यानं कानावरचा पेन काढला. "साहेबाला एवढं लागत न्हाई, मावशी," म्हणाला आणि लिहिलं, ‘एक जनावर मयत.’ सगळ्यांचं दुःख तो असंच एका ओळीत उरकतो.

परवा बिबट्यानं त्याचीच गाय मारली. त्याचा अर्ज मी वाचला, चांगला दोन पानी. तिचं नाव, कपाळावरचा चांद, याची सायकल ऐकून ती हंबरायची तेसुद्धा.

"साहेबाला एवढं लागतं का रे?" मी विचारलं.

मान खाली घालून तो म्हणाला, "माझी गाय हुती ती."

"मग मावशीची काय दगडाची होती?"